बोर्ड झोपताना वाय-फाय कार्डाचे काय करायचे? नवशिक्यांसाठी सस्पेंड-रिझ्यूमची पायरीवार वाट

बॅटरीवर चालणारे एखादे यंत्र पहिल्यांदा झोपवून उठवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला एक दृश्य भेटते. बोर्ड जागा होतो, सीरियल कन्सोलवर अक्षरे उमटतात, घड्याळ बरोबर असते, पण ‘डब्ल्यूलॅन०’ नावाचा इंटरफेस यादीतून नाहीसा झालेला असतो. किंवा तो दिसतो, पण त्यातून एकही पॅकेट जात नाही. टेबलावर असताना रीबूट करून हा प्रश्न तात्पुरता मिटवता येतो. यंत्र माळरानावरच्या खांबावर बसलेले असेल, तर रीबूट करायला कोणी जाणार नसते.

हा लेख अशा वाचकासाठी आहे, ज्याच्या बोर्डावर लिनक्स व्यवस्थित चालते, ज्याला सीरियल केबल जोडता येते आणि डिव्हाइस ट्रीची, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरचे कर्नलला वर्णन देणारी, फाइल उघडून वाचता येते, पण ज्याने वीजव्यवस्थापनाला अद्याप हात लावलेला नाही. उदाहरणासाठी मी बीगलबोन ब्लॅक वायरलेस हा बोर्ड घेतला आहे. त्यावर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५एक्स प्रोसेसर आणि त्याच कंपनीची डब्ल्यूएल१८३५ ही वाय-फाय चिप आहे, आणि ही चिप एसडीआयओ बसवर, म्हणजे एसडी कार्डासारख्याच तारांच्या जोडणीवर, जोडलेली आहे. आज्ञा, फाइलींची नावे आणि लॉगमधल्या ओळी येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच मूळ रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी झोप म्हणजे काय ते समजून घेऊ

‘/सिस/पॉवर/स्टेट’ या फाइलीत ‘मेम’ हा शब्द लिहिला की कर्नल प्रथम वापरकर्त्याच्या सर्व प्रक्रिया गोठवतो आणि मग एकेका उपकरणाच्या ड्रायव्हरला झोपायला सांगतो. हा क्रम मुलाकडून पालकाकडे जातो, म्हणजे आधी वाय-फाय कार्डाचा ड्रायव्हर झोपतो आणि नंतर ते कार्ड ज्या एसडीआयओ कंट्रोलरवर बसले आहे त्याचा. उठताना क्रम उलटा असतो. मुख्य रॅम स्वतःला ताजी ठेवत राहते, त्यामुळे कर्नलला आणि ड्रायव्हरला झोपेपूर्वीचे सारे काही आठवत असते.

नेमकी येथेच मेख आहे. वाय-फाय कार्ड हा स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची रॅम असलेला एक छोटा संगणकच असतो. बोर्ड सुरू होताना ड्रायव्हर ‘/लिब/फर्मवेअर’मधून फर्मवेअर उचलून त्या रॅममध्ये ओततो, आणि राउटरशी जुळलेल्या सुरक्षेच्या किल्ल्याही तेथेच राहतात. झोपेत कार्डाची वीज गेली, तर हे सगळे पुसले जाते. ड्रायव्हर मात्र मुख्य रॅममधल्या नोंदी पाहून कार्ड तयारच आहे असे धरून चालतो आणि रिकाम्या चिपला आज्ञा देत बसतो. म्हणून नवख्याने सर्वांत आधी एकच प्रश्न विचारावा: बोर्ड झोपलेला असताना कार्डाला वीज मिळते की नाही? पुढची प्रत्येक पायरी या उत्तरावर अवलंबून आहे. मंचांवर सापडणारे अनेक उपाय एका उत्तरासाठी लिहिलेले असतात आणि लोक ते दुसऱ्या उत्तराच्या बोर्डावर लावून पाहतात.

पायरी १ : वाय-फाय बाजूला ठेवून बोर्ड झोपवून पाहा

‘/सिस/पॉवर/स्टेट’ ही फाइल वाचा. तिच्यात ‘मेम’ दिसत नसेल, तर कार्डाचा विचार तूर्त सोडून द्या. रास्पबेरी पाय ४ हे याचे परिचित उदाहरण आहे. त्या बोर्डावर रॅम जिवंत ठेवून बाकी सारे बंद करणारी झोप मिळतच नाही. ‘मेम’ असेल, तर ‘/सिस/पॉवर/मेम_स्लीप’ पाहा. तेथे ‘एस२आयडल’, ‘शॅलो’, ‘डीप’ यांपैकी उपलब्ध पर्याय लिहिलेले असतात आणि निवडलेला पर्याय चौकटी कंसात असतो. ‘एस२आयडल’मध्ये बहुतेक वीजपुरवठे चालूच राहतात, त्यामुळे त्या पर्यायावर कार्ड व्यवस्थित उठले याचा अर्थ ‘डीप’मध्येही ते उठेल असा होत नाही. एएम३३५एक्सवर खोल झोपेचे शेवटचे काम चिपमधला एक छोटा कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसर करतो आणि त्याला स्वतःचे फर्मवेअर लागते. ती फाइल सिस्टिममध्ये नसेल, तर बोर्ड झोपणारच नाही, आणि दोष मात्र उगाच वाय-फायच्या माथी मारला जाईल.

आता ‘मॉडप्रोब -आर’ने आधी ‘डब्ल्यूएल१८एक्सएक्स’ आणि मग ‘डब्ल्यूएलकोर_एसडीआयओ’ हे वाय-फाय ड्रायव्हरचे मॉड्यूल उतरवा, कर्नलच्या बूट ओळीत ‘नो_कन्सोल_सस्पेंड’ जोडा म्हणजे शेवटच्या क्षणापर्यंतचे संदेश सीरियलवर दिसतील, आणि ‘आरटीसीवेक -एम मेम -एस २०’ ही आज्ञा द्या. बोर्डाने वीस सेकंद झोपून स्वतःहून उठायला हवे. दहा वेळा असे झाल्याशिवाय पुढे जाऊ नये.

उठत नसेल, तर ‘/सिस/पॉवर/पीएम_टेस्ट’ ही फाइल कामी येते. मात्र कर्नल बांधताना वीजव्यवस्थापनाच्या तपासणीचा पर्याय चालू केलेला असावा लागतो. तिच्यात ‘फ्रीझर’, ‘डिव्हाइसेस’, ‘प्लॅटफॉर्म’, ‘प्रोसेसर्स’, ‘कोअर’ यांपैकी एक शब्द लिहिला की झोपेची प्रक्रिया तेवढ्या टप्प्यापर्यंत जाते, पाच सेकंद थांबते आणि परत फिरते. ‘फ्रीझर’ जमले पण ‘डिव्हाइसेस’वर अडले, तर दोष एखाद्या ड्रायव्हरमध्ये आहे. तपासणी संपल्यावर तेथे पुन्हा ‘नन’ लिहायला विसरू नका. मी विसरलो होतो, आणि बोर्ड पाच सेकंदांत कसा झकास उठतो हे कौतुकाने सहकाऱ्यांना दाखवण्यात माझी एक अख्खी दुपार गेली होती. तो झोपतच नव्हता.

पायरी २ : धोरण ठरवा

येथे तीन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात कार्डाची वीज चालू ठेवायची, म्हणजे राउटरशी जोडणी टिकते आणि नेटवर्कवरून आलेल्या पॅकेटने बोर्डाला उठवताही येते. किंमत म्हणून बॅटरी सतत थोडीथोडी खर्च होते. दुसऱ्या मार्गात वीज तोडायची आणि उठल्यावर ड्रायव्हरने फर्मवेअर नव्याने ओतायचे. तिसऱ्या मार्गात झोपण्यापूर्वी ड्रायव्हरच उतरवायचा आणि उठल्यावर परत चढवायचा. जाणकार तिसऱ्या मार्गाला नाके मुरडतात. माझे मत वेगळे आहे: दर पंधरा मिनिटांनी उठून एक नोंद पाठवणाऱ्या आणि परत झोपणाऱ्या यंत्रासाठी तो पूर्ण प्रामाणिक मार्ग आहे, कारण त्यात कार्ड प्रत्येक वेळी अशा स्थितीतून सुरू होते जिची चाचणी प्रत्येक बूटमध्ये आपोआप झालेली असते. दूरवरून कधीही हाक मारावी लागणाऱ्या यंत्राला मात्र पहिल्या मार्गाशिवाय गत्यंतर नाही.

पायरी ३ : डिव्हाइस ट्रीमध्ये ते धोरण लिहा

एसडीआयओ कार्डाच्या बाबतीत सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात, म्हणून येथे थोडे थांबू.

कार्ड ज्या एमएमसी कंट्रोलरला (एसडीआयओ बस हाच चालवतो) जोडलेले आहे, त्याच्या नोडमध्ये ‘नॉन-रिमूव्हेबल’ हा गुणधर्म असावा. कार्ड बोर्डावर डकवलेले आहे आणि ते काढले जाणार नाही, हे कर्नलला त्यामुळे कळते. ‘कीप-पॉवर-इन-सस्पेंड’ हा गुणधर्म असेल, तरच झोपेत वीज टिकवणे या कंट्रोलरला शक्य आहे असे कर्नल मानतो. मात्र केवळ तो लिहिल्याने वीज टिकत नाही, कारण तो फक्त क्षमतेची घोषणा करतो. प्रत्यक्ष झोपेच्या वेळी कार्डाच्या ड्रायव्हरने ‘मला वीज हवी आहे’ अशी मागणी करावी लागते, आणि ती केली नाही, तर एमएमसीचा गाभा कार्ड बंद करतो. पाटबंधाऱ्याचे पाणी शिवाराच्या कडेपर्यंत आले, तरी दार उघडल्याशिवाय ते वाफ्यात शिरत नाही, तसा हा प्रकार आहे.

आमच्या उदाहरणातल्या ड्रायव्हरमध्ये ही देवाणघेवाण स्पष्ट दिसते. नेटवर्कवरून उठवण्याची सोय चालू असेल, तर डब्ल्यूएलकोर झोपताना कंट्रोलरची क्षमता विचारतो. क्षमता नसेल, तर तो लॉगमध्ये ‘कान्ट कीप पॉवर व्हाइल होस्ट इज सस्पेंडेड’ अशी ओळ लिहितो आणि उणे २२ ही चूक परत करतो. त्यासरशी संपूर्ण बोर्डाची झोपच रद्द होते. ही ओळ दिसली की ड्रायव्हरच्या आवृत्त्या बदलत बसू नये. डिव्हाइस ट्रीत तो एक गुणधर्म राहून गेला आहे का, ते आधी पाहावे.

त्यानंतर वीजपुरवठ्याचे वर्णन तपासा. डब्ल्यूएल१८३५ची चालू-बंद करणारी तार एका जीपीआयओला, म्हणजे सॉफ्टवेअरने वर-खाली करता येणाऱ्या पिनेला, जोडलेली असते आणि डिव्हाइस ट्रीत ती बहुधा स्थिर रेग्युलेटर म्हणून लिहिली जाते. त्या रेग्युलेटरला ‘स्टार्टअप-डिले-यूएस’ म्हणून ७०००० हा आकडा देण्याची पद्धत आहे, म्हणजे तार वर केल्यानंतर सत्तर मिलिसेकंद थांबून मगच कार्डाशी बोलायचे. बूटच्या वेळी इतर कामांत हा वेळ नकळत निघून जातो, त्यामुळे आकडा विसरला तरी चालून जाते; रिझ्यूममध्ये मात्र सगळे घाईत होत असल्याने त्याच चुकीला कार्ड गप्प राहते. तितकाच महत्त्वाचा आणि वारंवार दुर्लक्षित होणारा आकडा बंद काळाचा असतो. वीज तोडून लगेच परत दिली, तर कपॅसिटरमधला भार पूर्ण उतरलेला नसतो आणि चिप धड बंदही होत नाही, धड नव्याने सुरूही होत नाही. त्यासाठी स्थिर रेग्युलेटरला ‘ऑफ-ऑन-डिले-यूएस’ देता येतो. इतर चिपांच्या बोर्डांवर हेच काम ‘एमएमसी-पीडब्ल्यूआरएसईक्यू-सिंपल’ या नोडमधून होते आणि तेथे रीसेटची तार व ‘पोस्ट-पॉवर-ऑन-डिले-एमएस’ लिहिले जाते.

वीज चालू ठेवण्याचे धोरण असेल, तर आणखी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. अशा चिपांना ३२.७६८ किलोहर्ट्झचे संथ घड्याळ लागते. ते घड्याळ प्रोसेसरकडून किंवा वीजव्यवस्थापन चिपकडून येत असेल आणि झोपेत थांबत असेल, तर वीज असूनही कार्ड बिघडलेल्या स्थितीत उठते. दुसरी गोष्ट उठवणाऱ्या तारेची. एएम३३५एक्समध्ये फक्त जीपीआयओ० हा गट कायम जाग्या असलेल्या वीजक्षेत्रात असतो; कार्डाची इंटरप्ट तार दुसऱ्या गटावर नेलेली असेल, तर खोल झोपेतून कार्ड बोर्डाला उठवू शकत नाही. हा दोष सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही, म्हणून आपला स्वतःचा बोर्ड आखत असाल, तर सर्किट पक्के होण्याआधीच ही ओळ तपासा. उठवण्याचा हक्क देणारा गुणधर्म ‘वेकअप-सोर्स’ हा आहे. जुन्या फाइलींमध्ये त्याऐवजी ‘एनेबल-एसडीआयओ-वेकअप’ असे नाव दिसेल.

पायरी ४ : नेटवर्कवरून उठवणे

‘आयडब्ल्यू फाय’ या आज्ञेच्या माहितीत ‘वाउलॅन सपोर्ट’ असा भाग शोधा. प्रत्येक चिप प्रत्येक प्रकार हाताळत नाही. काहींना ‘मॅजिक-पॅकेट’ कळते, ज्यात सहा बाइटांतले सर्व बिट एक असतात आणि पुढे कार्डाचा पत्ता सोळा वेळा येतो. डब्ल्यूएल१८३५च्या ड्रायव्हरमध्ये मात्र ‘एनी’, म्हणजे कोणतेही पॅकेट, आणि ठरावीक नमुने असे दोनच पर्याय आहेत. ‘आयडब्ल्यू फाय फाय० वाउलॅन एनेबल एनी’ असे लिहिले की सोय चालू होते आणि शेवटी ‘शो’ लिहून ती पाहता येते.

ही सोय चालू नसेल, तर झोपताना कर्नलचा वाय-फाय विभाग मुद्दाम राउटरशी असलेली जोडणी सोडतो. नवखे लोक याला दोष समजून त्यामागे दिवसचे दिवस घालवतात, पण हे ठरवून केलेले वर्तन आहे. उठल्यावर डब्ल्यूपीए सप्लिकंटने, म्हणजे राउटरशी जोडणी सांभाळणाऱ्या प्रोग्रामने, पुन्हा जोडणी करायची असते. उलट ‘एनी’ लावलेले यंत्र गजबजलेल्या नेटवर्कवर झोपल्यापासून दोन-चार सेकंदांत परत उठते, कारण कोणाचे ना कोणाचे एआरपीचे (पत्ता विचारणारे) पॅकेट फिरत असतेच. अशा ठिकाणी नमुने लिहिण्याचा त्रास घेणे परवडते.

पायरी ५ : ड्रायव्हर उतरवायचा असेल तर

सेवा सुरू-बंद करणारी सिस्टिमडी असलेल्या लिनक्स वितरणांत ‘/यूएसआर/लिब/सिस्टिमडी/सिस्टिम-स्लीप’ या डिरेक्टरीत ठेवलेल्या स्क्रिप्ट झोपेच्या आधी ‘प्री’ आणि नंतर ‘पोस्ट’ हा पहिला शब्द घेऊन चालवल्या जातात. ‘प्री’मध्ये त्या इंटरफेसचा सप्लिकंट थांबवा, इंटरफेस खाली घ्या आणि मग मॉड्यूल उतरवा. ‘पोस्ट’मध्ये मॉड्यूल चढवा, इंटरफेस प्रत्यक्ष दिसेपर्यंत थांबा आणि त्यानंतरच सप्लिकंट सुरू करा. हे थांबणे ठरावीक सेकंदांच्या ‘स्लीप’ने करू नये, इंटरफेसची वाट पाहणारी आणि दहा सेकंदांनी हार मानणारी लहान फेरी लिहावी. या डिरेक्टरीतल्या सर्व स्क्रिप्ट एकाच वेळी समांतर चालतात, त्यामुळे नावापुढे ०१, ०२ असे आकडे लावून क्रम साधत नाही. क्रम हवा असेल, तर सगळे एकाच स्क्रिप्टमध्ये ठेवा.

येथे एक सापळा आहे. ‘आरटीसीवेक -एम मेम’ ही आज्ञा कर्नलशी थेट बोलते आणि सिस्टिमडीला वळसा घालते, त्यामुळे या स्क्रिप्ट चालतच नाहीत. चाचणीसाठी ‘आरटीसीवेक -एम नो -एस २०’ देऊन फक्त गजर लावा आणि मग ‘सिस्टिमसीटीएल सस्पेंड’ द्या.

ड्रायव्हर न उतरवता वीज तोडण्याच्या मार्गात मात्र फर्मवेअर नेमके कोठून येणार हा प्रश्न उरतो, कारण रिझ्यूमच्या त्या क्षणी मूळ फाइलप्रणाली जिच्यावर आहे ती मेमरीसुद्धा कदाचित अजून उठलेली नसते. त्यासाठी कर्नल झोपण्यापूर्वीच लागणाऱ्या फर्मवेअर फाइली रॅममध्ये वाचून ठेवतो आणि उठल्यानंतर सुमारे दहा सेकंदांनी त्या सोडून देतो. ड्रायव्हर फर्मवेअर मागण्याची नेहमीची पद्धत वापरत असेल, तर आपल्याला काही करावे लागत नाही.

यूएसबी आणि पीसीआय एक्स्प्रेसवरची कार्डे

यूएसबी डाँगल वापरत असाल, तर झोपेत पोर्टवरची पाच व्होल्टची वीज राहते का, ते मल्टिमीटरने मोजा. ती गेली, तर कर्नल उठल्यावर उपकरण रीसेट करून ड्रायव्हरला ते कळवतो. ड्रायव्हरमध्ये ती सोय नसेल, तर त्याला सोडवून पुन्हा बांधतो, म्हणजे कार्ड नव्याने लावल्यासारखे होते. इंटरफेसचे नाव त्यामुळे बदलू शकते, म्हणून कार्डाच्या पत्त्यावरून नाव पक्के करणारा यूडेव्हचा नियम लिहून ठेवा. डाँगलने बोर्डाला उठवायचे असेल, तर त्याच्या ‘पॉवर/वेकअप’ फाइलीत ‘एनेबल्ड’ असावे लागते.

पीसीआय एक्स्प्रेसवर कार्ड उठले नाही याची खूण म्हणजे त्याचे कॉन्फिगरेशन वाचल्यावर सगळीकडे ‘एफएफ’ दिसणे. अशा वेळी त्या उपकरणाच्या ‘रिमूव्ह’ फाइलीत १ लिहून आणि नंतर बसच्या ‘रीस्कॅन’मध्ये १ लिहून ते परत येते का, ते पाहा. आले, तर चिप शाबूत आहे आणि शोध रीसेटच्या तारेकडे किंवा वीज देण्याच्या क्रमाकडे वळवायचा.

लॉग वाचताना

कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या ‘डीमेसेज’मध्ये ‘एमएमसी१: एरर -११० व्हाइल्स्ट इनिशियलायझिंग एसडीआयओ कार्ड’ अशी ओळ दिसली, तर ११० म्हणजे वेळ संपली: कार्डाने उत्तरच दिले नाही. वीज, रीसेट, संथ घड्याळ आणि सत्तर मिलिसेकंद या क्रमाने पाहा. उणे ८४ दिसले, तर कार्ड बोलते आहे पण अक्षरे बिघडत आहेत. झोपेनंतर पिनांची मांडणी किंवा सिग्नलचे व्होल्टेज पूर्वस्थितीत आलेले नसते. कार्ड पूर्ण बेपत्ता असेल, तर उणे १९ येतो. बोर्ड झोपायलाच नकार देत असेल, तर डीबगएफएसमधली ‘सस्पेंड_स्टॅट्स’ ही फाइल शेवटच्या अपयशी उपकरणाचे नाव थेट सांगते, आणि ‘/सिस/पॉवर/पीएम_प्रिंट_टाइम्स’मध्ये १ लिहिले की प्रत्येक ड्रायव्हरने किती वेळ घेतला, तेही छापले जाते. यांत काहीच न सापडता इंटरफेस नुसता मुका असेल, तर ‘आरएफकिल लिस्ट’ एकदा बघा. रेडिओला सॉफ्टवेअरचे कुलूप लागलेले असणे ही सर्वांत कंटाळवाणी आणि बऱ्यापैकी नेहमीची शक्यता आहे.

शेवटची पायरी : खऱ्या कालावधीइतके झोपवून पाहा

निफाडजवळच्या एका द्राक्षबागेत आम्ही हवामान नोंदवणारे यंत्र बसवले होते. कार्डाची वीज झोपेतही चालू राहत होती आणि टेबलावर दहा सेकंदांच्या झोपेच्या शेकडो फेऱ्या निर्दोष झाल्या होत्या. बागेत मात्र रात्रभर झोपून सकाळी उठलेले यंत्र ‘जोडलेले आहे’ असे सांगायचे आणि नोंद काही पोहोचत नसे. राउटर ठरावीक काळाने सामायिक किल्ली बदलत होता. झोपलेल्या कार्डाने त्याला उत्तर दिले नाही, राउटरने त्याला यादीतून काढून टाकले, आणि कार्डाला हा निरोप कधी मिळालाच नाही. दहा सेकंदांत हे घडणे शक्यच नव्हते. तेव्हापासून उठल्यावर मी ‘आयडब्ल्यू’च्या ‘लिंक’ या उत्तरावर विसंबत नाही. स्क्रिप्ट आधी गेटवेला तीन पिंग पाठवते, उत्तर आले नाही तर ‘डब्ल्यूपीए_सीएलआय रीअसोसिएट’ देते, आणि तेही फसले तरच ड्रायव्हर उतरवून परत चढवते.

म्हणून चाचणीच्या फेऱ्या तीन कालावधींच्या ठेवा: पाच सेकंदांच्या दोनशे, ज्यांत बंद काळाच्या चुका उघड होतात, पंधरा मिनिटांच्या पन्नास, आणि आठ तासांच्या निदान तीन, त्याही ज्या राउटरवर यंत्र प्रत्यक्ष चालणार आहे त्याच राउटरवर. प्रत्येक फेरीत फेरीचा क्रमांक, उठल्यापासून पहिल्या यशस्वी पिंगपर्यंत गेलेला वेळ आणि वरच्या दोन उपायांपैकी कोणता लागला, हे एका ओळीत फाइलीत लिहा आणि लगेच ‘सिंक’ द्या. नाहीतर बोर्ड अडकला, तर नेमकी हवी असलेली शेवटची ओळच हरवते.